टीव्हीवर प्रुफं वाचायची आहेत, अक्षर स्वच्छ कसं दिसेल?

कृष्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मी सांगलीत असते. घरी बसून मराठी पुस्तकांची प्रुफं वाचते, अठरा वर्षं हेच काम करतेय. गेल्या आठवड्यात माझा २२ इंची मॉनिटर गेला. दुरुस्तीवाले म्हणाले, पॅनेलच गेलंय, यात पैसे घालू नका. हातात ३२० पानांचं पुस्तक आहे आणि महिनाअखेरीला ते द्यायचंय. लॅपटॉपच्या १४ इंची पडद्यावर हस्तलिखिताचं स्कॅन आणि जुळवलेलं पान शेजारी शेजारी उघडलं की दोन्ही इतकी बारीक होतात की अर्ध्या तासात डोळे पाण्याने भरतात.

घरात २०१४ साली घेतलेला ३२ इंची एलईडी टीव्ही पडून होता. पुतण्याने एचडीएमआय केबलने तो लॅपटॉपला जोडून दिला. चित्र आलं, पण अडचणी अशा:

१. पडद्याच्या चारही कडा कापल्या जातात. खालची टास्कबार अर्धी दिसते, वर खिडकी बंद करायची फुली दिसतच नाही.

२. अक्षराला शाई फुटल्यासारखं दिसतं. ध आणि घ, भ आणि म, ष आणि प यांतला फरक नुसता अंदाजाने कळतो. 'कि' आहे की 'की', ते पान मोठं केल्याशिवाय सांगता येत नाही. माझं सगळं कामच ऱ्हस्व-दीर्घाचं आहे हो.

३. लाल रंगात केलेल्या दुरुस्त्या तर पुसट, लिपस्टिकचा डाग पडावा तशा दिसतात.

४. माऊस हलवला की बाण मागून येतो.

ओळखीतले एकजण म्हणाले, ४३ इंची ४के टीव्ही घ्या, सगळं सुटेल. जास्तीत जास्त २५ हजार घालू शकते. टीव्ही मॉनिटर म्हणून खरंच चालतो का? की मी चुकीच्या वाटेला लागलेय?

---

रानवारा | रात्री १०:०५

ताई, पहिली अडचण पाच मिनिटांत सुटेल. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हींमध्ये चित्राच्या कडा वाकड्या-तिकड्या यायच्या, म्हणून चित्र मुद्दामच पडद्यापेक्षा थोडं मोठं करून दाखवत आणि कडा चौकटीमागे लपवत. काचेची नळी गेली, सवय मात्र राहिली. आजही कित्येक टीव्ही एचडीएमआयवर आलेलं चित्र थोडं ताणून कडा कापतात.

रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण असतं, किंवा मेनूत पिक्चर साइज / अ‍ॅस्पेक्ट रेशो. तिथे १६:९ असेल ते बदला. एलजीत 'जस्ट स्कॅन' शोधा, सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट', सोनीत डिस्प्ले एरियामध्ये 'फुल पिक्सेल'. काहींत 'डॉट बाय डॉट' किंवा '१:१' असतं. टीव्हीतच ही सोय असेल तर तिथेच करा. ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमधून चित्र लहान करून बसवताही येतं, पण मग चित्र एकदा आकसतं आणि टीव्हीत पुन्हा ताणलं जातं. अक्षराची दोनदा वाट लागते.

---

कृष्णाकाठ | रात्री १०:३२

सापडलं! मेनूत खूप आत होतं. कडा आता पूर्ण दिसतात, फुलीही दिसते. मनापासून आभार. अक्षर मात्र अजून तसंच आहे, अगदी थोडं सुधारलं असेल.

---

एकतारी | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

मी सोलापूरला तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीत घालवली, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, टीव्हीच्या खोक्यावर किंवा पाठीमागे 'एचडी रेडी' लिहिलंय का ते बघा. त्या काळातले बहुतेक ३२ इंची एचडी रेडीच होते. त्यांच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. तुमचा लॅपटॉप मात्र टीव्हीला १९२० गुणिले १०८० चं, म्हणजे 'फुल एचडी' चित्र पाठवत असणार, कारण टीव्ही ते 'चालेल' म्हणून स्वीकारतो. आता १०८० ओळी ७६८ ओळींत कोंबायच्या म्हणजे साधारण दर सात ओळींच्या पाच करायच्या. सिनेमात हे कळतही नाही. पण अक्षराची शिरोरेषा म्हणजे एक-दोन ठिपक्यांची रेघ. ती नेमकी दोन ओळींच्या मध्ये पडली की दोन्हीकडे अर्धी-अर्धी पसरते. तुम्ही म्हणता ती फुटलेली शाई हीच.

आणि देवनागरीला हे रोमन लिपीपेक्षा जास्त बाधतं. इंग्रजी अक्षर थोडं पसरलं तरी शब्दाच्या आकारावरून वाचून होतं. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. एका ओळीच्या उंचीत तीन मजले. एक अनुस्वार म्हणजे कधी कधी दोन गुणिले दोन ठिपके. ते गेले की अर्थ गेला.

दुसरी गोष्ट ठिपक्यांच्या दाटीची. एका इंचात किती ठिपके बसतात ते पाहा:

३२ इंची एचडी रेडी टीव्ही: ४९
३२ इंची फुल एचडी टीव्ही: ६९
२४ इंची फुल एचडी मॉनिटर: ९२
तुमचा जुना २२ इंची मॉनिटर (पडदा बहुधा साडेएकवीस इंचांचा, फुल एचडी धरून): १०२
४३ इंची ४के टीव्ही: १०२
५५ इंची ४के टीव्ही: ८०

चौथी आणि पाचवी ओळ पुन्हा वाचा. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, फुल एचडीच्या बरोबर चौपट ठिपके. आणि साडेएकवीसची दुप्पट त्रेचाळीस. म्हणजे ४३ इंची ४के टीव्ही म्हणजे तुमच्या जुन्या मॉनिटरसारखे चार मॉनिटर, दोनावर दोन, मधल्या कडा काढून टाकलेले. अक्षर तेवढंच राहील, टेबल चौपट होईल.

तोवर आजचं काम अडू नये म्हणून: टीव्हीला मागे निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए पोर्ट आहे का? असेल तर त्या वाटेने जोडा आणि लॅपटॉपमध्ये १३६० गुणिले ७६८ निवडा. या पोर्टाला टीव्ही संगणकाचं पोर्ट समजतो, बहुतेक संचांत कडा कापत नाही आणि ताणतही नाही. १३६६ ला ८ ने भाग जात नाही म्हणून जुनी कार्डं १३६० वर थांबायची, सहा ठिपक्यांनी काही बिघडत नाही. जोडल्यावर टीव्हीच्या मेनूत 'ऑटो अ‍ॅडजस्ट' एकदा करा, नाहीतर अक्षरं थरथरतात.

---

साधीसरळ | सकाळी ८:५०

एवढा व्याप कशाला? २४ इंची फुल एचडी मॉनिटर दहा हजारांच्या आत येतो. मॉनिटर अक्षरं दाखवायलाच बनवलेला असतो. लावला की सुरू. खाली-वर होणारा स्टँड बघून घ्या म्हणजे मान दुखणार नाही. टीव्ही दिवाणखान्यात शोभतो, टेबलावर नाही. माझं मत ठाम आहे.

---

जुना उंबरठा | सकाळी ११:२०

थोडं अवांतर, पण विषयाला लागून आहे.

टीव्हीचा मॉनिटर करणं ही आमच्या पिढीला नवलाई नव्हती, दुसरा पर्यायच नव्हता. १९८२ साली ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आला, पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो परवान्याखाली भारतात विकला. मामेभावाकडे तो होता. अँटेनाची वायर काढायची, तिथे संगणकाची लावायची आणि टीव्हीचं बटण फिरवत फिरवत पांढरा पडदा शोधायचा. त्या यंत्रावर एका ओळीत फक्त ३२ अक्षरं मावत. अख्खं चित्रच २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचं, आणि घरच्या टीव्हीवर त्याहून बारीक अक्षर धड दिसलंही नसतं.

रानवारा यांनी ओव्हरस्कॅनचं लिहिलं ते वाचून एक गोष्ट आठवली. स्पेक्ट्रमच्या चित्राभोवती रंगीत रुंद काठ असायचा. लहानपणी वाटायचं शोभेसाठी आहे. तो काठ होता म्हणून आतलं अक्षर टीव्हीच्या चौकटीमागे जात नव्हतं. यंत्र बनवणाऱ्यांनी टीव्हीची खोड ओळखून तेवढी जागा सोडली होती. आजच्या लॅपटॉपने ती सोडलेली नाही, म्हणून ताईंची टास्कबार कापली गेली.

१९८४ मध्ये सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांवर अक्षर जास्त ठाशीव असे. पण घरी टीव्हीवर उमटलेल्या स्वतःच्या नावाचा आनंद वेगळाच होता.

---

निळी शाई | दुपारी २:१०

लाल अक्षरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी मुंबईत व्हिडिओ संकलन करते, रोज याच गोष्टीशी गाठ पडते.

माणसाचा डोळा उजेड-अंधार बारकाईने पाहतो, रंग मात्र ढोबळ पाहतो. रंगीत टीव्ही १९५०च्या दशकात आला तेव्हापासून याचा फायदा घेतला जातो. चित्राची उजळता पूर्ण तपशिलाने पाठवायची, रंग कमी तपशिलाने. आज याची तीन रूपं आहेत. ४:४:४ म्हणजे प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग. ४:२:२ म्हणजे आडव्या दोन ठिपक्यांत एक रंग. ४:२:० म्हणजे चार ठिपक्यांच्या चौकोनात मिळून एकच रंग. सिनेमा, मालिका, यूट्यूब, सगळं ४:२:० असतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण पांढऱ्यावर लाल अक्षर, काळ्यावर निळं अक्षर, इथे अक्षराची कड मुख्यतः रंगानेच दिसते. चार ठिपक्यांना मिळून एक रंग दिला की लाल रेघ शेजारच्या पांढऱ्यात सांडते. तुम्ही म्हणालात तो डाग हाच आहे. काळ्या अक्षरावर याचा परिणाम फार कमी होतो, म्हणून पुष्कळ लोक 'आमच्या टीव्हीवर अक्षर छान दिसतं' असं प्रामाणिकपणे सांगतात. त्यांनी लाल दुरुस्ती कधी वाचलेलीच नसते.

बरेच टीव्ही बाहेरून पूर्ण रंग आला तरी आत स्वतःच ४:२:२ किंवा ४:२:० करून टाकतात, कारण त्यांना चित्रावर संस्कार करायचे असतात. त्यांना 'हा संगणक आहे' असं सांगावं लागतं. सॅमसंग आणि एलजीत त्या एचडीएमआय पोर्टाचं नाव किंवा त्याचं मेनूतलं चिन्ह बदलून 'पीसी' करायचं. नुसतं नाव बदललं की आतली वागणूक बदलते, हे प्रत्यक्ष करून बघेपर्यंत पटत नाही. सोनीत पिक्चर मोड 'ग्राफिक्स' करा.

आणि शार्पनेस! टीव्ही दुकानातून येतो तेव्हा शार्पनेस चढवलेला असतो. त्याने अक्षराभोवती पांढरी किनार उमटते, शिरोरेषेखाली दुसरी पुसट शिरोरेषा दिसते. खाली आणत जा, किनार नाहीशी होईल तिथे थांबा. काही कंपन्यांत ते शून्यावर असतं, काहींत पन्नासवर, म्हणून आकडा सांगत नाही.

---

कृष्णाकाठ | रात्री ८:१५

एकतारी काका, टीव्हीवर 'एचडी रेडी'च लिहिलंय. तुम्ही न बघता ओळखलंत.

व्हीजीए पोर्ट आहे. लॅपटॉपला नाही, म्हणून बाजारातून एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर आणला. १३६० गुणिले ७६८ निवडलं, ऑटो अ‍ॅडजस्ट केलं. काय सांगू! अक्षर बसलं. ठोकळेबाज आहे, पण ध तो ध आणि घ तो घ. लाल अक्षरही सुधारलं. आज पंधरा पानं झाली.

दोन पानं शेजारी मावत नाहीत हे दुखणं मात्र आहेच. एका पानाचाही अर्धाच भाग वाचण्याजोगा दिसतो. साधीसरळ यांचं म्हणणं पटतं, पण ते 'चार मॉनिटर, मधल्या कडा काढून' डोक्यातून जात नाहीये. एका बाजूला हस्तलिखित, मध्ये पान, बाजूला शब्दकोश आणि लेखकाचे निरोप, असं एकदम उघडून बसण्याची कित्येक वर्षांची इच्छा आहे.

---

दिवेलागण | रात्री ९:००

बाण मागून येतो त्याचं कारण: टीव्ही चित्र आलं की लगेच दाखवत नाही, आधी गुळगुळीत करणं, डाग काढणं, रंग खुलवणं असं करत बसतो. 'गेम मोड' लावा किंवा पोर्टाला 'पीसी' करा, त्यातली बरीचशी कामं बंद होतात. व्हीजीएवर तुम्हाला फरक जाणवला असेलच.

---

दूरदेशी | १४ जानेवारी, पहाटे ३:४०

मी टोरंटोत असतो. तीन वर्षांपूर्वी ४३ इंची ४के टीव्ही टेबलावर लावला, रोज आठ-नऊ तास त्यावर प्रोग्रॅमिंग करतो. ताईंच्या मनात आहे ते मी केलंय, म्हणून बरं-वाईट दोन्ही सांगतो.

आधी वाईट. ४३ इंची पडदा ९५ सेंटीमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटीमीटर उंच असतो. माझं टेबल दोन फूट खोल होतं. पहिल्या महिन्यात मान अशी धरली की फिजिओथेरपी घ्यावी लागली. कारण मी वरच्या कोपऱ्यातलं वाचायला सारखा मान वर करत होतो. मग टीव्हीचे पाय काढले, तो भिंतीवर खाली उतरवून लावला, इतका की खालची कड टेबलाला जवळजवळ टेकते आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते. टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. आता डोळे आणि पडदा यांत तीन फूट अंतर आहे. वरचा भाग मी वाचायला वापरतच नाही, तिथे घड्याळ, निरोप असलं काही ठेवतो. खिडकी कधीच पूर्ण पडदाभर करत नाही.

ताई, खरेदीआधी ९५ गुणिले ५४ चा पुठ्ठा कापा, भिंतीला लावा आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून तासभर बसा. पुठ्ठा फुकट आहे.

कोपऱ्यांचंही बघा. स्वस्त टीव्हीत बरेचदा व्हीए जातीचं पॅनेल असतं. समोरून काळा रंग सुंदर, पण तिरपं पाहिलं की फिकट. जवळ बसलं की पडद्याची टोकं आपोआप तिरपीच दिसतात. आयपीएस पॅनेल असेल तर टोकांचं अक्षर मधल्यासारखंच राहतं. वाचनाच्या कामाला मी आयपीएसच घेईन.

आता केबलचं. माझा आधीचा लॅपटॉप एचडीएमआय १.४ चा होता. त्या वाटेने सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात, म्हणजे ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच. वाचायला चालतं, पण पान सरकवलं की झटके बसतात आणि बाण तुटक पळतो. ६० वेळा पूर्ण रंगासह हवं तर एचडीएमआय २.० लागतं, १८ गिगाबिटवालं. लॅपटॉपच्या एचडीएमआयला ते जमत नसेल तर यूएसबी-सी पोर्ट बघा. त्यावर चित्र जात असेल, तर '४के ६० हर्ट्झ' (म्हणजे सेकंदाला ६० वेळा) लिहिलेला यूएसबी-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॅप्टर लावा. माझं तसंच सुटलं. केबल 'प्रीमियम हाय स्पीड' घ्या, दोन मीटरच्या आतली.

एक फसवी गोष्ट: वाट अरुंद असेल तर संगणक कधी कधी ६० हर्ट्झ दाखवतो, पण गुपचूप रंग ४:२:० करून. निळी शाई यांनी सांगितलेला डाग परत येतो. तेव्हा लाल अक्षर बघूनच खात्री करा.

---

एकतारी | सकाळी ७:०५

दूरदेशी, छान लिहिलंत. एक जोड देतो. टीव्हीतही ते १८ गिगाबिटचं दार बरेचदा बंद करून ठेवलेलं असतं. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. ज्या पोर्टाला केबल लावलीय त्याच पोर्टासाठी ते सुरू करावं लागतं.

किमतीचं म्हणाल तर ३२ इंचांवरच्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या किमती सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

---

पाऊलवाट | सकाळी १०:४५

आमची गरज वेगळी, पण कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. माझे वडील ७८ वर्षांचे, रत्नागिरीला असतात. दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला झिजलाय, म्हणजे जिथे नजर रोखावी तिथेच धूसर दिसतं. आयुष्यभर सकाळी पेपर वाचल्याशिवाय चहा न घेतलेला माणूस. दोन वर्षं त्यांनी वाचन सोडलं होतं.

आम्ही त्यांच्यासाठी ५५ इंची ४के टीव्हीला छोटा संगणक जोडला. ते अडीच फुटांवर बसतात. विंडोजमध्ये मोठेपणा २५० टक्के, ई-पेपरच्या मजकुराला काळी पार्श्वभूमी आणि पांढरं अक्षर, टीव्हीचा उजेड निम्म्याच्या खाली. एका ओळीत चार-पाच शब्द येतात. ते कडेच्या नजरेने वाचतात, हळू वाचतात, पण वाचतात. डॉक्टरांनी भिंग दिलं होतं, त्याने हात भरून यायचे.

इथे वर लिहिलेल्या ठिपक्यांच्या हिशोबाने ५५ इंच कमी दाट आहे, पण अक्षर बोटभर मोठं केल्यावर ते कळत नाही. उलट ४केचा फायदा असा की एवढ्या मोठ्या अक्षराची कड करवतीसारखी दिसत नाही. ज्यांच्या घरी कमी नजरेचं माणूस आहे त्यांनी हा प्रयोग जरूर करावा. परवा बाबांनी फोन करून मला अग्रलेख वाचून दाखवला.

---

निळी शाई | दुपारी १:३०

पाऊलवाट, वाचून फार बरं वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

दिवेलागण | दुपारी ३:२०

कुणी ओएलईडी टीव्ही सुचवला तर या कामासाठी घेऊ नका. टास्कबार, शब्दकोशाची चौकट अशा न हलणाऱ्या गोष्टी दिवसचे दिवस एकाच जागी राहिल्या की त्यांची सावली पडद्यात कायमची मुरू शकते. साधा एलईडी-एलसीडीच बरा.

आणि मॉनिटर संगणकासोबत झोपतो नि उठतो, टीव्ही तसं करत नाही. संगणक झोपला की 'नो सिग्नल' दाखवत बसतो, रिमोट हाताशी ठेवावा लागतो. वीजही जास्त खातो. पाठीमागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, इन्व्हर्टर असेल तर ते बघून घ्या.

---

साधीसरळ | सायंकाळी ५:५५

मी माझं मत थोडं बदलतो. एकच पान वाचायचं तर मॉनिटर, हे अजूनही म्हणेन. पण ताईंना चार गोष्टी एकदम उघड्या हव्यात, आणि दोन मॉनिटर, त्यांचे हात, वायरी यांचा हिशोब केला तर ४३ इंची अगदीच वावगा नाही. फक्त दुकानात स्वतःची फाइल लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

---

कृष्णाकाठ | १८ जानेवारी, रात्री ९:१०

उशिरा लिहितेय, माफ करा. पण करायचं ते सगळं केलं.

आधी पुठ्ठा. मिक्सरच्या आणि पंख्याच्या खोक्यांचे तुकडे जोडून ९५ गुणिले ५४ केला आणि भिंतीला लावला. टेबल दोन फुटांचंच, त्यामुळे दूरदेशी म्हणतात तसं मान वर जाऊ लागली. मग टेबल भिंतीपासून एक फूट पुढे ओढलं आणि पुठ्ठा खाली घेतला. तास-दीड तास समोर बसून कागदावरची प्रुफं वाचली. जमतंय असं वाटलं तेव्हाच बाहेर पडले.

एक चाचणी-पान तयार केलं. बारा पॉइंटात धध घघ भभ मम षष पप, कि की, रु रू, रफार, अनुस्वार, सगळी जोडाक्षरं. खाली तेच लाल रंगात, मग निळ्यात. शेवटी काळ्या पट्टीवर लाल. लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. पहिल्या दुकानात जोडू दिलं नाही. दुसरीकडच्या मुलाने मात्र स्वतः स्टूल आणून दिलं.

दोन टीव्हींवर पाहिलं, दोन्ही ४३ इंची ४के. एकावर काळं अक्षर उत्तम, लाल पसरलेलं. पोर्टाला 'पीसी' नाव देता येईना, गेम मोडनेही फरक पडेना. दुसऱ्यावरही सुरुवातीला तसंच होतं. 'पीसी' केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत लाल रेघ आकसून जागेवर बसली. तो मुलगाही चकित झाला, म्हणाला, मॅडम हे पान माझ्याकडे ठेवून जाता का?

पॅनेल आयपीएस आहे, टोकाचं अक्षर फिकट होत नाही. २४ हजार आणि काहीशे पडले. लॅपटॉपच्या एचडीएमआयवर ३० हर्ट्झच मिळत होतं, यूएसबी-सीच्या अ‍ॅडॅप्टरने ६० झालं. विंडोजचा मोठेपणा १२५ टक्के ठेवलाय. शोधमध्ये 'क्लिअरटाइप' टाकून अक्षर कोणतं स्वच्छ दिसतं ते निवडायचं असतं, तेही केलं. त्याने बारीक रंगीत किनार होती ती गेली.

आता डावीकडे हस्तलिखित, मध्ये पान, उजवीकडे शब्दकोश. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

एकच त्रास राहिलाय. पांढरं पान दहा-पंधरा मिनिटं तसंच उघडं राहिलं की पडदा हळूहळू मंद होतो. खिडकी बदलली की पुन्हा उजळतो. सुरुवातीला वाटलं डोळेच थकले.

---

एकतारी | रात्री ९:३५

डोळे ठीक आहेत तुमचे. मेनूत ऊर्जा बचत / इको असेल ते बंद करा. खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा बदलणारा सेन्सर असेल तर तोही. एवढ्याने थांबलं नाही तर 'लोकल डिमिंग' किंवा 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बघा. एकेक करून बंद करा म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. मग उजेड तुम्हाला सोसेल तेवढा स्वतः कमी करा, घरात पूर्ण उजेडाची गरज नसते.

---

कृष्णाकाठ | रात्री १०:२०

इको बंद केलं, फरक नाही. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केलं आणि वीस मिनिटं तेच पान उघडं ठेवून वाचत बसले. पांढरं राहिलंय.

काका, तुम्हाला आणि सगळ्यांनाच खूप धन्यवाद. चाचणी-पान कुणाला हवं असेल तर निरोप करा, पाठवते. आत्ता पान २१४ वर आहे.